आईला घर दाखवून आणलं

लार्नाका,
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

ती. थेकलाताईस धाकट्या लोइझोसचा नमस्कार.

ख्रिस्त उठला आहे, ताई! (तिकडून तू "खरोखर उठला आहे" म्हणालीस असं धरून पुढे लिहितो. फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला मला थांबवून तू सल्ला दिला असतास, म्हणून हे पत्र.) तुझे गुडघे कसे आहेत? मेलबर्नला आता थंडी सुरू होईल, लोकरीचे मोजे घालत जा. मेहुण्यांचा रक्तदाब, मुलांच्या नोकऱ्या आणि मागच्या अंगणातला अंजीर, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आरेती, बायकोच ती, माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. माझ्याकडे गाडी शिकायला येणारी माणसं दिवसेंदिवस निर्बुद्ध होत चालली आहेत, पण त्यांच्यावरच आपलं पोट आहे, तेव्हा तक्रार नाही. आईही चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तू मध्येच उठून विमानाचं तिकीट काढशील.

तर, तुझ्या सल्ल्याप्रमाणे (हे दोन शब्द मी मुद्दाम अधोरेखित केले आहेत) आईला फामागुस्ताला नेऊन घर दाखवून आणलं. सल्ला का दिला होतास ते तुला आठवत असेल, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे पुढे जे झालं त्याचा दोष कुणाचा हे स्पष्ट राहील. निर्वासितांच्या वसाहतीतली आईची इमारत आता निव्वळ सवयीनं उभी आहे. हिवाळ्यात ती चर्चला गेली असताना छताचा मोठा तुकडा तिच्या पलंगावर पडला. इंजिनिअर येऊन बघून गेला आणि म्हणाला, आजींना हलवा, पुढच्या पावसाची वाट पाहू नका. मी हात जोडले, आरेतीनं आमच्याकडची मागची खोली रंगवून ठेवली, पाद्रीबाबांनी येऊन समजूत घातली. आईचं एकच पालुपद. "मला घर आहे. ते फामागुस्ताला, वरोशात आहे. इथं मी तात्पुरती राहते. एका तात्पुरत्या जागेतून उठून दुसऱ्या तात्पुरत्या जागेत कशाला जाऊ?" चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात तुर्की विमानं आली आणि आपण चुलीवरची भाजी तशीच ठेवून पळालो, तेव्हापासून बाई तात्पुरती राहते आहे. तेवढ्यात माझं लग्न झालं, मुलं झाली, टक्कल पडलं. तू म्हणालीस, एकदा घर डोळ्यांनी बघू दे तिला, मन निवलं की आपण होऊन तुझ्याकडे येईल. तेव्हा बेटाच्या मधोमध चौक्या बंद होत्या आणि पलीकडे चिटपाखरू जाऊ शकत नव्हतं, त्यामुळे असा सल्ला देणं सोपं होतं. आणि नेमक्या यंदाच्या पवित्र आठवड्यात चौक्या उघडल्या! अर्धं बेट गाड्यांत बसून उरलेल्या अर्ध्याकडे निघालं, आणि तुझा सल्ला माझ्या गळ्यात पडला.

आईनं आदल्या दिवशी ईस्टरचे चीज भरलेले फ्लाउने भाजले. पुरे तबकभर. मी म्हटलं, आई, आपण आपल्याच घरी चाललोय, कुणाकडे नामकरणाला नाही. म्हणाली, "आत कोण असेल ते असेल. मी रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभी राहिले नाही, माझ्याही राहणार नाही." (या वाक्यावर मी रात्री बराच विचार केला. शेवटी सोडून दिला.) डॉक्टरांनी तिच्या हृदयासाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती, ती मी शर्टाच्या खिशात ठेवली. आईनं काळा रेशमी झगा घातला, तोच, जो तुझ्या लग्नासाठी शिवला होता आणि नंतर बाबा गेल्यावर काळा रंगवून घेतला. पिल्याजवळच्या चौकीवर गाड्यांची रांग इतकी लांब होती की लोक उतरून एकमेकांना घरची उरलेली ईस्टरची अंडी वाटत होते. खिडकीपाशी तुर्की पोलीस आला, वयानं माझ्या थोरल्याएवढा असेल. त्यानं परवान्याची चिठ्ठी पुढे केली. आई म्हणाली, स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला परवाना लागतो का? पोरगं बिचारं ग्रीक जाणत नव्हतं. तिनं त्याच्या हातावर फ्लाउना ठेवला, त्यानं चिठ्ठीवर शिक्का मारला, आणि मागच्या गाडीतला म्हातारा ओरडला की आजींनी लाच दिली. आजींनी मागे वळून त्यालाही एक फ्लाउना दिला.

आता रस्त्याचं सांगतो. मी व्यवसायानं लोकांना रस्ते शिकवणारा माणूस, आणि आपली गल्ली सोडली तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, म्हणजे अगदीच कुक्कुलं बाळ नव्हतो. मी आईला म्हटलं, तू नुसती बस, मला रस्ता पाठ आहे. पण ती गप्प बसेल तर ना. "तटबंदीच्या दरवाजापासून सुरू कर." केलं. मशीद झालेल्या जुन्या कॅथीड्रलचा मिनार उजव्या हाताला ठेवला. "आता सोतिरीच्या बेकरीला डावीकडे." सोतिरी नाही आणि बेकरीही नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. "निलगिरीच्या झाडांपाशी हळू घे." निलगिरी तोडल्यात. "गल्लीचं नाव वाच की!" वाचलं, तुर्कीत होतं. समोर रस्ता एकदम संपला आणि लष्करानं बंद केलेल्या भागाचं तारेचं कुंपण आलं. कुंपणापलीकडे किनाऱ्यावरची ती सगळी उंच हॉटेलं, खिडक्या नाहीत, दारं नाहीत, बाल्कन्यांतून झाडं बाहेर आलेली. आईनं क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "आपलं घर अलीकडे आहे. मागे घे." आपली गल्ली तारेच्या अलीकडे राहिली हे आपलं केवढं नशीब, असं मी मोठ्यानं म्हणालो. (नशिबाविषयी मोठ्यानं बोलू नये.)

आणि ताई, घर सापडलं! तेच, पिवळ्या दगडाचं, दारावर कमान, दाराला हिरवा रंग, पायऱ्यांशी लिंबाचं झाड. शेजारी छान मोकळी जागा होती, तिथं मी गाडी अशी एका दमात लावली की विद्यार्थ्यांना न्यायला हवं होतं बघायला. आई मात्र उतरेना. तबक मांडीवर घेऊन बसून राहिली. गाडीच्या काचेतून इकडे बघ, तिकडे बघ, मग खाली जमिनीकडे. मला वाटलं, झालं, हृदय. गोळी काढली. तेवढ्यात हिरवं दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. डोक्याला पांढरा रुमाल, हात एप्रनला पुसत, आणि अशी थरथरत होती की मला आधी तिलाच गोळी द्यावीशी वाटली. आई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल."

म्हातारीचं नाव पेंबे. तुर्की, पण आपल्या बाजूच्या, पाफोसच्या डोंगरातली, चौऱ्याहत्तरनंतर तिला तिकडून उठवून इकडे आणलं. ग्रीक अशी बोलते की आरेतीला लाज वाटावी. दारातच म्हणाली, "या अक्का, या. तुमचंच घर आहे. रोज वाट बघते, आज येतील, उद्या येतील. शेजारच्यांचे येऊन गेले, समोरच्यांचे येऊन गेले, माझेच कसे येत नाहीत! कॉफीचं भांडं मी चुलीवरून उतरवलेलंच नाही." आईनं उंबऱ्यावर हात ठेवला, हात ओठांना लावला, आणि रडायला लागली. तुला माहीतच आहे, बाबा गेले तेव्हासुद्धा ती लोकांसमोर रडली नव्हती. आता ती या खोलीतून त्या खोलीत जाऊन रडली. भिंतींवर हात फिरवून रडली. पेंबेही तिच्या मागोमाग रडत होती आणि मधूनच माफी मागत होती. ही खिडकी आम्ही बुजवली अक्का, वारा यायचा. न्हाणीघर नवीन केलं, रागावू नका.

आणि मी? मी तर बंधारा फुटल्यासारखा झालो. पेंबेला हाताला धरून सगळं घर दाखवलं. (तिचंच.) या कोपऱ्यात माझी थेकलाताई बाबांच्या भीतीनं लपायची. या पायरीवरून ती घसरून तिचा दात पडला. आणि ही बघा, आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, माझे बाबा दर ईस्टरला माझी उंची मोजायचे! मी रेघांना हात लावून हुंदके देत होतो. एक रेघ माझ्या आत्ताच्या उंचीपेक्षा चार बोटं वर होती, पण अशा वेळी कुणी हिशेब करत नाही. पेंबे म्हणाली, "रंग देताना प्रत्येक वेळी तेवढी जागा सोडून रंगवलं हो. कुणाचं तरी पोर आहे म्हटलं."

मग तिनं आम्हाला बसवलं, कॉफी दिली, कोवळ्या अक्रोडाचा मुरंबा दिला, आणि आईचा फ्लाउना डोळे मिटून खाल्ला. तिच्या गावाकडे शेजारीण असेच करायची म्हणे. खाता खाता मला विचारलं, तुम्ही गाडीवाले, सगळीकडे जाता, आमच्या गावावरून कधी गेलात का? वरच्या अंगाला, मशिदीच्या मागे, निळ्या खिडक्यांचं घर. ताई, मी त्या गावावरून कितीदा गेलोय. तिथं कुणी राहत नाही. छपरं बसलीत आणि घराघरांतून शेळ्या बाहेर येतात. मी कपात बघत म्हटलं, खालच्या रस्त्यानं जातो, नीट पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "हरकत नाही. आता चौकी उघडली, मीच जाऊन येईन." मी मुरंब्याची बशी हळूच बाजूला सरकवली.

आणि आता ते. पेंबे उठली, कपाटातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली चौकट काढून आणली आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरली. "आम्ही आलो तेव्हा हा भिंतीवर होता. नवरा म्हणाला, टाकून दे. मी म्हटलं, लग्नाचा आहे, लग्नाचा कुणी टाकतं का? एक दिवस मागायला येतील. घ्या अक्का, तुमची ठेव." लग्नाचा फोटो. अंगणात काढलेला. नवरी उंच, देखणी, तोऱ्यात. शेजारी नवरा, तिच्या खांद्याला जेमतेम लागेल एवढा, कान दोन्ही बाजूंना फाकलेले. ताई, तो हाम्बिस होता! शेजारचा हाम्बिस! आणि ती पोलिक्सेनी! पेंबेनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्या कानांकडे, आणि कौतुकानं म्हणाली, "बापावर गेलात हो अगदी."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या पायावर पाय दिला. कसा दिला म्हणशील तर अंगठ्याचं नख अजून निळं आहे. तिनं फोटो घेतला, पोलिक्सेनीच्या तोंडावरची धूळ बोटानं पुसली (वीस वर्षं जिचं नाव घरात काढायची बंदी होती, ती पोलिक्सेनी), फोटोचा मुका घेतला आणि म्हणाली, "पेंबे, तू जपलंस. देव तुला तुझं घर दाखवो." दोघी म्हाताऱ्या मग एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डॉक्टरांची गोळी त्या वेळी मीच जिभेखाली ठेवली.

बाहेर आल्यावर मी आईला गाडीत बसवलं आणि फुटलो. म्हटलं, आई, हे शेजाऱ्यांचं घर! एकाच गवंड्यानं बांधलेली दोन घरं, अगदी जुळी, मी चुकलो. पण आपलं कुठंय? आई समोर बघत होती. शांतपणे म्हणाली, "तू गाडी माझ्या स्वयंपाकघरात लावलीयस."

मी खाली बघितलं. चाकापाशी लादी होती, ताई. तीच, पांढरी-लाल, चौकडीची, जिच्यावर आपण लंगडी खेळायचो. बाकी काही नाही. बॉम्ब पडला असेल तेव्हाच, नाहीतर नंतर कुणी दगड नेले असतील, कुणाला ठाऊक.

मी म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "तू गाडी लावलीस तेव्हाच." मग सांगितलं का नाहीस? आत जाऊन एवढी रडलीस कशाला? त्यावर ती माझ्याकडे वळली. लहानपणी मूर्खपणा केला की बघायची तसंच बघून म्हणाली, "ती बाई दारात थरथरत उभी होती. कॉफी ठेवली होती तिनं. तिला काय सांगू, तू ज्यांची वाट बघतेस ते आम्ही नव्हेत, आमचं घर तर नाहीच? आणि लोइझो, मला रडायचं होतं. इतकी वर्षं साठवलेलं. ते काय मी गाड्या लावायच्या जागेत रडू? रडायला एक घर लागतं." मग म्हणाली, "भिंतसुद्धा नाही राहिली रे. जिच्यापायी आम्ही बोलायचं सोडलं ती." पोलिक्सेनीच्या बापानं कुंपणाची भिंत वीतभर आपल्या अंगणात घातली आणि त्यावरून जिवाभावाच्या दोन मैत्रिणी तुटल्या, हे तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

 मी गाडी स्वयंपाकघरातून इतकी हळू काढली की आयुष्यात कधी काढली नव्हती. तात्पर्य, ताई, तुझा सल्ला फसला. आई परत त्याच पडक्या इमारतीत, त्याच छताखाली आहे. माझ्याकडे येण्याचा विषय मी काढलेला नाही, काढवत नाही. आता पूर्वीसारखं "मला घर आहे" असंही ती म्हणत नाही, आणि ते न म्हणणं मला जास्त भीतीचं वाटतं. तुला नवीन काही सुचलं तर कळव, पण जरा विचार करून सुचू दे. मेहुण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
लोइझोस

ता. क. सोबत तो फोटो पाठवतो आहे. पोलिक्सेनी तुझ्यापासून ट्रामच्या दोन थांब्यांवर राहते आणि ती दिसली की तू आईवरच्या निष्ठेपायी रस्ता ओलांडतेस, हे मला माहीत आहे. एकदा न ओलांडता तिच्याकडे जा आणि फोटो दे. घर शाबूत आहे म्हणावं, स्वच्छ आहे, लिंबाला लिंबं आहेत, आणि तिच्या पोरांच्या उंचीच्या रेघासुद्धा जागेवर आहेत. आम्ही आत जाऊन रडलो ते सांगू नकोस.

ता. क. दुसरा. फोटो पाठवत नाही. पाकीट बंद करायला आईकडे आणलं, तर तिनं फोटो मागून घेतला, चष्म्यावर भिंग धरलं आणि मला जवळ बोलावलं. नवरदेवाच्या उजव्या कानाच्या वर बघ म्हणाली. (त्या कानाच्या वर बघायला जागा कमीच आहे.) ताई, तिथं भिंत दिसते, आणि भिंतीच्या वर आपल्या स्वयंपाकघराची खिडकी! सबंध आहे, झडप, कुंडी, पडदा, सगळं. आणि पडद्याआडून एक तरुण बाई वाकून बघते आहे. तिच्या कडेवर लहान पोर आहे. ती आई. तिला लग्नाचं बोलावणं नव्हतं ना. कडेवर तू. आपल्या घराचा दुसरा एकही फोटो जगात नाही, सगळे त्या भाजीबरोबर राहिले. आई कितीतरी वेळ भिंगातून बघत होती. मग म्हणाली, "तुझ्या मागच्या खोलीत हा लावणार असशील तर येते. माझं घर माझ्याबरोबर असेल तर मी कुठेही राहीन."

मी लगेच उठलो, म्हटलं, आत्ता स्टुडिओत नेऊन नक्कल काढून आणतो, मूळ पोलिक्सेनीला पाठवू. तर हात धरून बसवलं मला. "तिचं लग्न तेव्हा न विचारता बघितलं. आता न विचारता भिंतीवर लावू? पेंबेनं परक्याची वस्तू एवढी वर्षं जपली, आणि मी ढापू होय?" पोलिक्सेनीनं हो म्हटल्याशिवाय नक्कल काढायची नाही, आणि फोटो लागल्याशिवाय आई हलायची नाही. इंजिनिअर, डॉक्टर, पाद्रीबाबा आणि मी, सगळे हरलो. आता छत पडण्याआधी पोलिक्सेनीचा होकार आणायचा आहे, आणि तो तूच आणायचा आहेस. हे सगळं पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच आहे.

ता. क. तिसरा. पोलिक्सेनीला काय निरोप द्यायचा, असं आईला विचारलं.  म्हणाली, तिला सांग, तुझं लग्न मी पाहिलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खिडकीतून हलले नाही. सांग, फार सुंदर दिसत होतीस. तेव्हाच ओरडून सांगणार होते, पण मध्ये भिंत होती. (आणि लगेच म्हणाली, नवरा मात्र काहीच्या काही बुटका निवडला, तेही तेव्हाच सांगायचं राहिलं. हे निरोपात घालायचं की नाही ते तू तिथं तिचं तोंड बघून ठरव.)